दोन बटणांची प्रेस

छत्रपती संभाजीनगर
६ नोव्हेंबर २०२५

ती. पुंडलिकमामा यांस,
सविनय जयभीम.

आधी झालेलं लिहिते.

१. सोमवार, ३ नोव्हेंबर. पहिली शिफ्ट. प्रेस क्रमांक ७.
२. सकाळी ११.२० वाजता सरिताच्या डाव्या हाताची दोन बोटं डायमध्ये, म्हणजे साच्यात, सापडली. तर्जनी आणि मधलं.
३. प्रेस तिनंच उजव्या हातानं बंद केली.
४. ११.५० ला ती दवाखान्यात पोचली. बोटं वाचली नाहीत.
५. प्रेसच्या डाव्या बटणाच्या खाचेत लाकडाची पाचर होती. ती मी काढली.
६. १२.१५ ला बाकीच्या प्रेस चालू झाल्या.

सरिता तुमच्यानंतर कामाला लागली, म्हणून तुम्ही तिला ओळखत नाही. वय अठ्ठावीस. अडीच वर्षांपासून प्रेसवर आहे. हात चांगला आहे, म्हणजे होता.

क्रमांक ७ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय ती खाली येत नाही, म्हणजे दोन्ही हात बाहेर असणार हे नक्की. पण मशीन जुनी आहे. एक बटण कायमचं दाबलेलं असेल तरी तिला ते कळत नाही. पाचर बसली की एका हातानं बटण आणि दुसऱ्या हातानं पत्र्याचा जॉब, असं काम होतं; अडकलेला जॉबही प्रेस न थांबवता सरकवता येतो. वेळ वाचतो.

कंपनीनं तीन जणांची चौकशी समिती नेमली आहे. प्रोसेस इंजिनिअर म्हणून तिसरी मी. अहवालाचा मसुदा समितीची पहिली बैठक होण्याआधीच तयार होता. त्यातलं मुख्य वाक्य असं: "सदर कामगाराने स्वतः, कोणाच्याही सूचनेशिवाय, सुरक्षा यंत्रणा निकामी केली." या वाक्यावर तिघांच्या सह्या झाल्या की सरिताला कामावरून काढता येतं, आणि हाच कागद सरकारी कारखाना निरीक्षकांकडे जातो.

मला हे वाक्य खरं वाटत नाही. पाचर नवी नव्हती. तिच्या कडा हातानं गुळगुळीत झाल्या होत्या, आणि एवढं व्हायला बरीच वर्षं लागतात.

तुम्ही त्या खात्यात सत्तावीस वर्षं होतात, त्यातली सोळा फोरमन म्हणून. म्हणून एकच प्रश्न: तुमच्या काळात असं काही तुम्ही पाहिलं होतं का? पाहिलं असेल तर तेवढं एका कागदावर लिहून द्याल का? पद्धत जुनी आहे आणि वरच्यांना माहीत होती, एवढं सिद्ध झालं तरी ते वाक्य टिकत नाही.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मेसेज तुमची सुलेखा वाचून दाखवते. तीही याच कंपनीत स्टोअरला असल्यामुळे तिला यात ओढायचं नाही. म्हणून पत्र, आणि तेही कृष्णाकाकांच्या अडतीच्या दुकानाच्या पत्त्यावर.

मामीला नमस्कार.
विशाखा

*

लासूर स्टेशन
१० नोव्हेंबर २०२५

चि. विशाखास अनेक आशीर्वाद. जयभीम.

पत्र भेटलं. कृष्णानं आधी विचारलं, तुझं काय कोर्टात चालू हाय का. त्याला म्हटलं भाची हाय, हुशार हाय, पत्र लिहिती. तो म्हणला आजकाल पत्र फक्त बँक लिहिती.

पोरीच्या बोटांचं वाचून वाईट वाटलं. लई वाईट.

पण तू विचारतीस तसलं आमच्या वक्ताला काय नव्हतं. शिस्त होती. म्या तोंडानं वाईट, शिव्या द्यायचो, पण डबा सगळ्यांच्या संगं बसून खायचो. कोणाची पोर आजारी, कोणाच्या घरी पाहुणा, सगळं ठाऊक. मशीन जरा आवाज बदलून बोलली का माणूस हात वर करायचा, म्या पळत जायचो. थांबवली म्हणून कोणाला कधी बोललो नाय. तुमचे साहेब वाढदिवसाला केक कापतात म्हणं. आम्ही कोणाचा केक नाय कापला, पण बोटंबी कापू नाय दिली. सत्तावीस वर्षांत एक बोट नाय.

तू नव्या वक्ताची हायेस. तीन सह्यांत एक तुझी. तू नाय केली तर ते दुसऱ्याची घेतील. सही करून मोकळी हो. त्या पोरीला बाहेरून काय मदत करता येते ती करू, म्या सुद्धा काय तरी देईन.

सुलेखाचं नाव जानेवारीत पक्कं होणाऱ्यांच्या यादीत हाय, असं ती म्हणत होती. पाच वर्षं झाली तिला कंत्राटावर. तुला ठाऊकच असंल.

तुझी मामी म्हणती, पोरगी उन्हातान्हात फिरती, जेवती का नाय.

तुझा मामा
पुंडलिक

*

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
१४ नोव्हेंबर २०२५

ती. मामा,
जयभीम.

पत्र मिळालं. जेवते.

तुमच्या काळात नव्हतं म्हणता, ते मी धरून चालते. मग ते केव्हा सुरू झालं हे शोधावं लागेल. त्यात माझा भाग आहे, तो आधी सांगते.

इंद्रजीत सर चौदा महिन्यांपूर्वी आले. ते आवाज चढवत नाहीत. प्रत्येकाला नावानं हाक मारतात, प्रत्येक गोष्टीला थँक्यू म्हणतात. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं की प्रेस इतक्या वेळा का थांबतात. त्यावर मी एक तक्ता बनवला: कोणती प्रेस, किती वाजता थांबली, किती मिनिटं, कारण. शेवटचा रकाना कामगाराच्या नावाचा. तो मी मुद्दाम ठेवला, कारण बटणांची उंची बुटक्या बायकांना त्रासाची आहे अशी मला शंका होती आणि ती आकड्यांत दाखवायची होती.

अकरा आठवड्यांनी तोच तक्ता कँटीनमध्ये बोर्डावर लागला. फक्त दोन रकाने ठेवले होते, नाव आणि मिनिटं. ज्याची मिनिटं जास्त, त्याच्या नावापुढं लाल चुंबक. मी सरांकडे गेले. ते म्हणाले, "विशाखा, हा दोष नाही, ही माहिती आहे. माहितीला घाबरायचं कशाला?" मला त्या वेळी ते पटलं. माहितीला घाबरू नये असं मलाही वाटतं.

तीन महिन्यांत थांबण्याची संख्या शिफ्टला एक्केचाळीसवरून सहावर आली. मी त्याचा आलेख काढला. मीटिंगमध्ये टाळ्या झाल्या. मला प्रशस्तिपत्र मिळालं, ते माझ्या टेबलाच्या खणात आहे. मशीन पूर्वीइतक्याच अडत होत्या. माणसं त्या थांबवत नव्हती. हे त्या आलेखात दिसायला हवं होतं, कारण डायची दुरुस्ती त्याच काळात दुप्पट झाली होती. ते दोन आकडे मी शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

सरिताच्या नावापुढं ऑक्टोबरमध्ये तीन आठवडे लाल चुंबक होतं. दोनदा डाय अडकली म्हणून तिनं प्रेस थांबवली होती. चौथ्या आठवड्यात हिरवं झालं. मी ते पाहिलं आणि मला बरं वाटलं होतं.

आता पाचरीबद्दल. सागवानी आहे. लांबी चार इंच, एक टोक तासलेलं, दुसऱ्या टोकाला दोरी ओवायला भोक. भोक तापलेल्या खिळ्यानं पाडलंय. हे घाईत उचललेलं लाकूड नाही, कोणीतरी मापानं केलंय. असं काम कोण करायचं, हे तुम्हाला आठवत असेल तर कळवा.

सहीसाठी मी मुदत मागितली आहे.

विशाखा

*

लासूर स्टेशन
१८ नोव्हेंबर २०२५

चि. विशाखास आशीर्वाद.

कोण करायचं, कोण नाय, आता काय आठवत नाय. वय झालं.

तुला एक सांगतो. कारखाना म्हंजे तुझं कॉलेज नव्हं, की उत्तर चुकलं तर फक्त मार्क जातील. तुझ्या आईनं तुला कसं शिकवलं ते म्या पाह्यलंय. तू नोकरी घालवायला निघालीस का काय? लाकडाचा तुकडा घेऊन किती दिवस बसणार हायेस?

सही कर. ह्या विषयावर पुन्हा लिहू नको.

पुंडलिक

*

उस्मानपुरा
२२ नोव्हेंबर २०२५

ती. मामा,
जयभीम.

लिहू नको म्हणालात, तरी लिहिते आहे. माफी असावी.

काल कडूबाईंच्या घरी गेले होते. तुमच्या वेळच्या प्रेसवरच्या बायकांत आता त्या एकट्याच उरल्यात. सरितानं मला दवाखान्यात सांगितलं होतं की पाचर तिला कडूबाईंनी दिली. समितीपुढं मात्र तिनं हे सांगितलं नाही. का, असं विचारलं तर म्हणाली, "मावशीनं चांगल्यासाठी दिली होती."

कडूबाईंनी चहा केला आणि बराच वेळ दुसरंच बोलत राहिल्या. बोर्डावर बोलल्या. "पुंडलिकभाऊ शिव्या द्यायचे तं माणूस जागा ऱ्हायचा. ह्यो साहेब थँक्यू म्हंतो, मंग मला रातभर इचार पडतो का आपलं काय चुकलं." मग सुनेला बाहेर पाठवलं आणि स्वतःच विषय काढला.

त्यांचे शब्द जसेच्या तसे देते. "पोरगी रोज रडायची, मॅडम. लाल पडलं, लाल पडलं. म्या म्हटलं, हे घे. भाऊंनी दिल्याली हाय. भाऊंनी दिली म्हंजे चालतं."

मी विचारलं, कोणते भाऊ. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "तुमचे मामा न्हाई व्हय?"

चहा संपवला आणि निघाले.

मामा, तुमचं दहा तारखेचं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात तुम्ही पाचर हा शब्द एकदाही लिहिलेला नाही. मी तो माझ्या पहिल्याच पत्रात लिहिला होता. मला हे तेव्हाच दिसायला हवं होतं. तुम्हाला वाईट वाटलं म्हणून तुम्ही विषय टाळताय, असं मी समजले.

मी तुमच्यावर आरोप करत नाही. कडूबाई समितीपुढं बोलणार नाहीत, त्यांना अजून दोन वर्षं काढायची आहेत. सरिताही त्यांचं नाव घेणार नाही. म्हणजे ही पाचर कुठून आली हे सांगू शकणारं आता एकच माणूस आहे.

जे झालं ते मला जसं झालं तसं लिहा. समितीसाठी नव्हे, आधी माझ्यासाठी.

विशाखा

*

लासूर स्टेशन
२५ नोव्हेंबर २०२५

चि. विशाखा,

तीन दिवसांत चार कागद फाडले. हा पाचवा.

व्हय. पाचरी म्याच केल्या. आठ. मालाच्या खोक्याचं सागवान होतं त्याच्या. दोन हजार आठ साल. दिवाळीच्या तोंडाला मोठी ऑर्डर आली, माल वेळेत निघंना. मोठे साहेब म्हणले, पुंडलिक, बघा काय होतं का. कर म्हणले नाय. बघा म्हणले. त्यांचं बोलणं तसंच असायचं. म्या पाह्यलं. मग पाचरी केल्या.

पुढं ते खात्यात यायचे, बटणाकडं बघायचे, मग छताकडं बघायचे. चौदा वर्षं छताकडंच बघत होते.

पण म्या बिनहिशोबी नव्हतो, एवढं तू समजून घे. पाचर कोणालाबी देत नव्हतो. ज्याचा हात मला ठाऊक, ज्याचं डोकं त्या दिवशी जाग्यावर हाय, त्यालाच. घरी भांडण झालेल्याला नाय. ताप असलेल्याला नाय. तोंड बघून कळायचं मला. त्याच्याजवळ उभा ऱ्हायचो. शिफ्ट सुटली का आठ मोजून परत घ्यायचो आणि लॉकरात कुलूप. म्हणून एक बोट गेलं नाय. मला वाटायचं हे सगळं माझ्या नजरेमुळं हाय. ते खरंबी होतं. आता कळतंय का तेच वाईट होतं.

कारण नजर माझ्यासंगं घरी आली. पाचरी तिथंच राह्यल्या.

निरोपाच्या दिवशी हार घातले, फोटो काढला, तो आजबी ट्रेनिंगच्या खोलीत लावलेला हाय म्हणं. बाया रडल्या. संध्याकाळी लॉकर खाली करताना मोजल्या तर पाच. तीन कोणी तरी ठेवून घेतल्या होत्या. कोणी, ते मला ठाऊक होतं. म्या मागितल्या नाय. मला बरं वाटलं, विशाखा. म्हटलं राहू द्या, भाऊंची आठवण. पाच बंबात घातल्या.

पत्रात खोटं लिहिलं तवा ओळ वाकडी गेली. तू माझ्या अक्षरावरून वळखशील असं वाटलं होतं.

आता कागदाचं. म्या लिहून दिलं तर जानेवारीच्या यादीतून सुलेखा जाईल. कोणी सांगणार नाय का बापामुळं गेली, पण जाईल. नाय दिलं तर ती सरिता जाईल. दोन्ही पोरीच हायेत. एक माझी हाय, म्हणून माझा हात उचलत नाय, आणि हे लिहिताना लाज वाटते.

सुलेखा रोज घरी येऊन सांगते, साहेब लई चांगले हायेत बाबा, आज मला नावानं हाक मारली. म्या मान हलवतो. ऐकू आलं नाय असं दाखवतो.

तू शिकलेली हायेस. काय करू ते तूच सांग.

तुझा मामा

*

उस्मानपुरा
२८ नोव्हेंबर २०२५

ती. मामा,
जयभीम.

पत्र मिळालं. लिहिल्याबद्दल आभारी आहे.

तुम्ही विचारलंत काय करू. हे मला सांगता येत नाही. दोन मुलींपैकी कोणाची गरज जास्त हे मोजण्याचं माप माझ्याकडे नाही, आणि असतं तरी ते मी वापरलं नसतं. नावं आणि मिनिटं शेजारी मांडून काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे. जे नक्की माहीत आहे तेवढंच लिहिते.

काल मी इंद्रजीत सरांना भेटले. तक्ता माझा आहे, तो चुकीच्या कामाला वापरला गेला आणि त्याचा अपघाताशी संबंध आहे, असं लेखी दिलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं. खुर्चीवरून उठून मला पाणी दिलं. म्हणाले, "इतक्या प्रामाणिकपणे सांगितलंस, थँक्यू." मग म्हणाले की समितीचा विषय फक्त त्या दिवसापुरता आहे, आणि पूर्वीपासून काही चालत होतं असं म्हणायचं असेल तर त्याला तसा कागद लागेल. मी बोर्ड काढायला सांगितला. त्यावर त्यांनी विचार केला आणि नावं यापुढं मिनिटांऐवजी अक्षरांच्या क्रमानं लावू, असं ठरवलं. आज सकाळी तसं झालंही. चुंबकं तीच आहेत.

ओरडणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं. इथं मी बोलले ते सगळं ऐकून घेतलं गेलं, आणि बाहेर आले तेव्हा काहीच बदललेलं नव्हतं.

मसुद्यावर मी सही करणार नाही. पण तिघांपैकी दोन सह्या पुरतात, हे नियमात आहे. माझी सही नसली तरी अहवाल जाईल. माझं लेखी निवेदन त्याला जोडतील की नाही, हे अध्यक्षांच्या मर्जीवर आहे. ते जोडलं तरी त्यातून बोर्डाचं कळेल, पाचर कुठून आली हे कळणार नाही. "स्वतः, कोणाच्याही सूचनेशिवाय" हे शब्द तुमच्या कागदानंच खोडले जातात. तुमचा कागद असेल तर मी तो थेट निरीक्षकांच्या कार्यालयातही एक प्रत म्हणून देऊ शकते, मग इथं तो बाजूला ठेवता येणार नाही.

सुलेखाबद्दल. तिची यादी इंद्रजीत सरांच्या हातात आहे. तिचं नाव जाणार नाही असं मी लिहू शकत नाही. जाईल असंही खात्रीनं सांगता येत नाही. तिच्यासाठी मला काही करता येईल असं वाटत नाही, कारण या सगळ्यानंतर मीच इथं किती दिवस राहीन ते माहीत नाही. तिला मी काही सांगितलेलं नाही. सांगायचं असेल तर ते तुम्ही सांगावं. ती पंचवीस वर्षांची आहे, आणि हा निर्णय तिच्या नावावर तिला न विचारता होतो आहे, एवढं मात्र मला खटकतं.

सरिताला परवा भेटले. टाके निघालेत. तिनं दोन गोष्टी विचारल्या. कामावर कधी बोलावतील, आणि बोर्डावर तिचं नाव अजून आहे का. दुसऱ्याचं उत्तर मला माहीत होतं. नाव आहे. तीन तारखेला प्रेस थांबली ती मिनिटं तिच्याच नावावर पडली आहेत, कारण थांबवली तिनं. तक्ता तसाच बनवलेला आहे. मी तिला सांगितलं की पाहिलं नाही. मी खोटं बोलत नाही असं मला आजपर्यंत वाटत होतं.

तुमचं पंचवीस तारखेचं पत्र माझ्याकडे आहे. ते तुम्ही मला लिहिलंत, म्हणून तुमच्या परवानगीशिवाय ते मी कोणाला दाखवणार नाही. हा शब्द आहे, आणि तो देताना मला सोपं गेलं नाही.

समितीची शेवटची बैठक शुक्रवार, ५ डिसेंबरला सकाळी अकरा वाजता आहे. त्याच दिवशी तुम्ही नेहमीप्रमाणे महापरिनिर्वाण दिनासाठी दादरला जायला निघाल, म्हणून त्याआधीच लिहिते. मोठा कागद नको. पाचरी २००८ साली कामाच्या घाईसाठी तुम्ही केल्या, त्या वरच्यांना दिसत होत्या, निवृत्तीच्या वेळी त्यातल्या तीन खात्यात राहिल्या. एवढं, खाली नाव, सही आणि तारीख. द्यायचं नसेल तर नाही एवढंच लिहा. त्याचं कारण मी विचारणार नाही आणि आईलाही सांगणार नाही.

तुमचं उत्तर, हो किंवा नाही, गुरुवार दिनांक ४ डिसेंबरपर्यंत मला मिळावं, ही विनंती.

विशाखा